वडसा ते मडगाव: एका वर्षाचे वन्समोअर

ठाणेकराला नाटकासाठी कधी बॅग भरावी लागत नाही. गडकरी रंगायतन चालत जाण्याच्या अंतरावर, घाणेकर नाट्यगृह रिक्षाच्या अंतरावर आणि लोकल पकडली की दादरचं शिवाजी मंदिर. पण २०२४च्या दिवाळीच्या आगेमागे गडकरी दुरुस्तीसाठी बंद झालं आणि आमचे रविवार ओस पडले. मैत्रीण म्हणाली, नाटक इथे नाही तर जिथे आहे तिथे जाऊ. मी हे जरा जास्तच मनावर घेतलं. पुढच्या दिवाळीपर्यंत जमेल तसं बाहेर पडायचं, नाटक बघायचं. अट एकच, नाटकात गाणं हवं.

सगळ्यात लांब गेलो ते वडशाला. नागपूरहून एसटीने उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असं करत वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्ह्यातलं हे गाव येतं. कागदोपत्री देसाईगंज, पण कंडक्टरपासून सगळे वडसाच म्हणतात. झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भाचा धानाचा पट्टा, तिथल्या रंगभूमीची ही राजधानी. नाटक कंपन्यांची ऑफिसं ओळीने आहेत आणि प्रत्येकीच्या दारावर फ्लेक्स. त्यांवर नटनट्यांचे चेहरे, मोबाइल नंबर आणि नाटकांची नावं, ज्यांत कुंकू, बहीण, माय आणि कर्ज पुन्हापुन्हा भेटतात. आजूबाजूच्या चार जिल्ह्यांतली मंडळं इथे येऊन आपल्या गावासाठी नाटक ठरवतात. मोसम दिवाळीत सुरू होतो, कारण तेव्हा धान घरात आलेलं असतं आणि हातात पैसा असतो. मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, त्यांच्या जोडीने नाटक. त्या दिवशी घरोघरी पाहुणे, आणि त्या पाहुण्यांत लग्नाच्या मुलामुलींकडे बघणारेही बरेच.

आम्ही जानेवारीत गेलो. वडशापासून आत एका गावात शेतातच रंगमंच उभा केला होता, चारी बाजूंनी कनात, पुढे जमिनीवर बसणारे, मागे खुर्च्या. थंडी अशी की आमचे ठाण्याचे स्वेटर तिथे शोभेला. एका आजीनं ओळखपाळख नसताना गोधडीचं टोक उचललं. "ये वं माय, इथं बस." मग चौकशी. मुंबईकडून फक्त नाटक पाहाले आलो यावर त्यांचा विश्वास बसेना. "तुमच्याकडं होत नाई का नाटक?" होतं म्हटलं, तीन तासांत संपतं. "मंग तिकिटाचे पैसे वाया गेले ना जी."

नाटक अकराच्या सुमाराला सुरू झालं आणि संपलं तेव्हा उजाडायला आलं होतं. शेतकरी, सावकार, दारुडा मुलगा, सोशिक सून. कथानक दहा मिनिटांत कळतं, पण त्यासाठी कोणी आलेलंच नसतं. रंगमंचापुढे ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड घेऊन बसलेले वादक प्रत्येक एंट्रीला धडाका देतात. सून रडली की सूर, सावकार हसला की ताशा. दोन प्रवेशांच्या मध्ये लावणी येते, तिचा कथेशी काडीचा संबंध नसतो. मग कोणीतरी उठून बक्षिसाची नोट देतो, माइकवरून त्याचं नाव पुकारलं जातं आणि गाणं पुन्हा सुरू. विनोदी पात्र मात्र अस्सल. झाडीबोलीत त्यानं असे काही टोले हाणले की अर्धं न कळूनही पोट दुखलं. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मी हे नाव पहिल्यांदा ऐकलं होतं. त्या गावात त्यांच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात.

लावण्यांचं प्रमाण जरा जास्त वाटलं, हे नोंदवून ठेवते. तिथले जुने प्रेक्षकही हेच म्हणत होते, अर्थात बघत होते.

पुण्यात वन्समोअरची तऱ्हा वेगळी. भरत नाट्य मंदिरात सौभद्र होतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक १८८२ चं, आणि प्रेक्षागृहात निम्म्याहून अधिक लोकांना पदं पाठ. आमच्या मागच्या रांगेतले आजोबा गायकाच्या अर्धी मात्रा आधी समेवर येत होते. 'नच सुंदरि करू कोपा' संपलं आणि वन्समोअर आला. कृष्णाने ऑर्गनकडे पाहिलं, ऑर्गनवाल्याने मान हलवली. आता पंचाईत रुक्मिणीची. नुकती कुठे समजूत पटायला लागलेली बाई पुन्हा पाठ फिरवून रुसून बसली! मला हा प्रकार मनापासून आवडतो आणि त्याच वेळी नाटक म्हणून तो हास्यास्पद आहे हेही कळतं. गाणं सुरू झालं की गोष्ट थांबते, सगळे मिळून गाण्यात बसतात, मग गोष्ट पुढच्या थांब्याकडे निघते. ज्याला ही गोष्टीची एसटी प्रत्येक फाट्यावर थांबलेली चालत नाही, त्याने संगीत नाटकाच्या वाटेला जाऊ नये.

याच्या बरोबर उलट अनुभव वांद्र्याला बीकेसीत आला. मार्च २०२५ मध्ये नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये 'द फँटम ऑफ द ऑपेरा' आलं होतं. लंडनमध्ये १९८६ साली सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं हे संगीतक. झुंबर, धुकं, तळघरातलं तळं, सगळं थक्क करणारं आणि सगळं सेकंदावर बांधलेलं. गाणी गोष्टीला पुढे ढकलतात, थांबवत नाहीत. टाळ्या जिथे पडायच्या तिथे पडल्या. वन्समोअर कोण मागणार? दुसऱ्यांदा गायचं तर झुंबराचं वेळापत्रक चुकेल. मी मन लावून पाहिलं, घरी येऊन दोन दिवस गुणगुणले. तरी आपण इथे नसतो तरी प्रयोग तसाच झाला असता, ही भावना काही गेली नाही.

खरं तर आपल्याकडची गाण्याची नाटकं अशीच दुसऱ्याचं बघून सुरू झाली. किर्लोस्करांनी पुण्यात पारशी कंपनीचा इंद्रसभेचा खेळ पाहिला आणि १८८० मध्ये शाकुंतल संगीतात आणलं. मुंबईत इटालियन ऑपेराच्या मंडळींबरोबर काम केलेल्या लुकाझिन रिबेरो यांनी १८९२ साली तियात्र, म्हणजे गोव्याचं गाण्यांचं कोंकणी नाटक, उभं केलं. बीकेसीतून बाहेर पडलेल्यांपैकी एखाद्याच्या डोक्यात असं काही शिजत असेल तर मला आनंदच आहे.

कोकणातल्या दशावतारात वन्समोअरचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण पुढे कुठलं पद येणार हे हार्मोनियमवाल्यालाही पुरतं ठाऊक नसतं. कुडाळजवळच्या एका जत्रेत पाहिला. देवाची पालखी फिरली, आम्ही खाजं खाल्लं, पेटारे उघडले आणि नटांनी स्वतःच तोंडं रंगवली. रंगमंचावर एक बाकडं, तेच सिंहासन, तोच पर्वत. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव आणि मग काळ्या वेशातला संकासुर. त्याने पहिल्या रांगेतल्या आम्हा दोघींना बरोबर हेरलं. "मुंबैकारणी इलेत, आता माका सुद्द बोलूक व्हया." पुढची पाच मिनिटं तो जे 'शुद्ध' बोलला त्याने मंडप डोक्यावर घेतला.

आख्यानाला लिखित संहिता नाही. कथा सगळ्यांना माहीत, बाकी संवाद आणि पदं तिथल्या तिथे. दोन राजे समोरासमोर आले की शब्दांची जुगलबंदी, ती रंगली तर अर्धा तास, नाही रंगली तर लगेच पखवाजावर युद्धनृत्य. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाने नवऱ्याच्या निरोपाचं पद इतकं सुंदर म्हटलं की मी रेकॉर्ड करायला फोन काढेपर्यंत ते संपलं होतं. शेजारचे काका म्हणाले, "आता फुडल्या जत्रेक या. तेव्हा हा म्हणात नाय तर नाय."

कोल्हापुरात नाटक पाहिलं नाही. केशवराव भोसले नाट्यगृह बघायला म्हणून गेले होते. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, शेजारी खासबाग कुस्ती मैदान. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीच, ते जळालं. मी गेले तेव्हा बाहेरून पत्रे लागलेले. १९२१ च्या, दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेल्या संयुक्त मानापमानात बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर म्हणून उभा राहिलेला आणि त्याच वर्षी वारलेला हा गायक नट. त्याच्या नावाच्या रंगमंचावर निदान एक नाट्यपद ऐकायची माझी इच्छा होती. ते काम बाकी आहे.

पावसाळ्यात मडगाव. कोकण रेल्वेने उतरलो, रवींद्र भवनात तियात्राची पाटी पाहिली आणि शिरलो. कोंकणी सासष्टीची, वेगवान. अर्धं कळलं, अर्धं शेजारच्या बाईंनी हळू आवाजात मराठीत सांगितलं. तियात्रात अंकांना पडदे म्हणतात. पडदा पडला की गायक त्याच्या पुढे येऊन उभा राहतो, खाली ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम्सचा बँड. हे कांतार. त्याचा नाटकाशी संबंध नाही आणि असावा असं कोणाला वाटतही नाही. वर दोन भाऊ घर वाटून घेण्यावरून भांडत होते, पडदा पडल्यावर एक गृहस्थ येऊन रस्त्यातल्या खड्ड्यांवर आणि जमिनी विकणाऱ्यांवर गायले. गोष्टीला धक्का न लावता गाण्याला पूर्ण मोकळीक. संगीत नाटकवाल्यांना हे सुचलं असतं तर रुक्मिणीचे हाल वाचले असते.

राजकारण्यांवरचं कांतार संपलं तेव्हा शिट्ट्या आणि वन्समोअरने छप्पर उडायचं बाकी होतं. गायक आत गेला. बँड थांबला नाही, म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तो परत आला आणि मी तेच कडवं पुन्हा ऐकायच्या तयारीत बसले, तर त्याने चाल तीच ठेवून नवीनच कडवं म्हटलं, आधीच्यापेक्षा तिखट. शेजारच्या बाई इतक्या हसत होत्या की भाषांतर बंद पडलं. मी विचारलं, काय म्हणाला? त्यांनी डोळे पुसत सांगितलं, "ते सांगायचं नसतं. पुढच्या रांगेत त्यांचेच लोक बसलेत."