इंजिन आत्ता कोण चालवतंय?

गणपतीला सिंधुदुर्गातल्या चिपीच्या विमानाचं तिकीट काढलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "हल्ली सगळं ऑटोमॅटिक असतं, पायलट नुसता बसलेला असतो." यात थोडं तथ्य आहे, पण ते चिपीला लागू नाही. परुळ्याजवळच्या सड्यावरची ती २५०० मीटरची धावपट्टी ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली तीच एटीआर ७२ ने. या पंख्यांच्या विमानात ऑटोपायलट असतो, पण ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद आपोआप कमीजास्त करणारं यंत्र, नसतो. नाक किती वर ठेवायचं आणि कुठल्या दिशेला वळायचं हे यंत्र सांभाळतं, इंजिनाची ताकद मात्र पायलटने हाताने कमीजास्त करायची. मोठ्या जेटमध्ये दोन्ही यंत्रं असतात, विमान आपोआप उतरवणारं ऑटोलँडही असतं. पण त्यासाठी जमिनीवर तेवढी अचूक आयएलएस, म्हणजे रेडिओवरून धावपट्टीचा मार्ग दाखवणारी यंत्रणा लागते. दिल्लीत धुक्यासाठी ती बसवलेली आहे. बाकी जगभर बहुतेक विमानं शेवटच्या टप्प्यात हातानेच उतरवली जातात.

खरी गोम आहे ती ऑटोपायलट आणि ऑटोथ्रॉटल या दोघांमधल्या फटीत. अपघातांचे अहवाल वाचले की "यंत्राने दगा दिला" असं क्वचितच सापडतं. बहुतेकदा यंत्र त्याला सांगितलेलंच करत होतं, आणि पायलटची समजूत मात्र वेगळीच होती.

पायलटच्या समोरच्या पडद्यावर सर्वांत वर एक अरुंद पट्टी असते. तिच्यात छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं की ऑटोथ्रॉटल काय करतोय, ऑटोपायलट दिशेसाठी काय करतोय आणि उंचीसाठी काय. बोइंग ७७७ वर पहिल्या चौकटीत "स्पीड" लिहिलेलं असेल तर इंजिन वेग राखतंय. "होल्ड" असेल तर थ्रॉटल, म्हणजे ताकदीची दांडी, जिथे आहे तिथेच राहील, वेग पडला तरी यंत्र हात लावणार नाही. चार इंग्रजी अक्षरांचा फरक आहे.

६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोत एशियानाचं ७७७ याच चार अक्षरांवर आपटलं. हवा स्वच्छ होती, धावपट्टी समोर दिसत होती. विमान जरा उंचावर होतं, म्हणून लवकर खाली येण्यासाठी पायलटने एक मोड निवडला. त्या मोडने मात्र पॅनलवर आधीच लावून ठेवलेली उंची गाठायची ठरवली, आणि ती उंची वर होती. विमान चढू लागलं, तेव्हा पायलटने ऑटोपायलट काढला आणि थ्रॉटल हाताने मागे ओढला. त्याबरोबर ऑटोथ्रॉटल "होल्ड"मध्ये गेला. पायलट या समजुतीत राहिला की वेग कमी झाला तर यंत्र ताकद देईल. १३७ नॉट हवे असताना वेग १०३ पर्यंत घसरला, आणि शेपूट धावपट्टीच्या अलीकडच्या समुद्रकठड्यावर बसली. तिघं गेले. कॉकपिटमध्ये तीन पायलट होते, आणि वेगाचा काटा तिघांच्याही समोर होता.

आपल्याकडचं याच जातीचं उदाहरण १४ फेब्रुवारी १९९० चं, बंगळूरचं. इंडियन एअरलाइन्सकडे एअरबस ३२० येऊन वर्षही झालं नव्हतं. उतरताना विमान अशा मोडमध्ये होतं की इंजिनं रिकामी चालत राहतात आणि नाक खाली करून वेग राखला जातो. उंचीवर असताना हे ठीक आहे, धावपट्टीजवळ घातक. इंजिनं वेग घेईपर्यंत विमान अलीकडच्या गोल्फ मैदानावर टेकलं. १४६ पैकी ९२ जण गेले.

२५ फेब्रुवारी २००९ ला ॲमस्टरडॅमला टर्किश एअरलाइन्सच्या ७३७ मध्ये मात्र यंत्रात खरंच बिघाड होता. डाव्या बाजूचा रेडिओ अल्टिमीटर, म्हणजे जमिनीपासूनची उंची मोजणारं उपकरण, उणे ८ फूट दाखवत होता. ऑटोथ्रॉटलने त्यावर विश्वास ठेवला, विमान जमिनीला टेकतंय असं समजून इंजिनं रिकामी केली. ऑटोपायलट दुसऱ्या, बऱ्या उपकरणावर चालत होता, तो मार्ग राखण्यासाठी नाक उचलत राहिला. एक यंत्र ताकद काढून घेतंय, दुसरं त्याची भरपाई करतंय, आणि वरवर सगळं शांत. नऊ जण गेले. कुणी हात थ्रॉटलवर ठेवून बसलं असतं तर दांडी मागे गेलेली हाताला कळली असती.

खेड, दापोली, रत्नागिरीची निम्मी घरं आखातात अडकलेली, त्यामुळे दुबईचं ३ ऑगस्ट २०१६ चं प्रकरण जरा नीट बघू. तिरुवनंतपुरमहून गेलेलं एमिरेट्सचं ७७७ वाऱ्यामुळे धावपट्टीवर लांब जाऊन टेकलं. पायलटने पुन्हा वर जायचं ठरवलं, निर्णय बरोबरच होता. नेहमीचा क्रम असा: टोगा, म्हणजे पुन्हा वर जाण्याचं बटण दाबायचं, थ्रॉटल आपोआप पुढे जातात, ते गेले की नाही बघायचं, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या फळ्या) २० वर, विमान चढतंय अशी खात्री, मग चाकं वर. पण चाकं जमिनीला लागली की ७७७ वर ते बटण मुद्दाम निकामी केलेलं असतं. बटण दाबलं, इंजिनं मात्र रिकामीच राहिली. उरलेल्या वेगावर विमान ८५ फूट उचललं गेलं, चाकं आत घ्यायला सुरुवात झाली आणि ते खाली बसलं. थ्रॉटल हाताने पुढे ढकलले गेले ते आदळायच्या तीन सेकंद आधी. विमानातले सर्व ३०० जण वाचले, आग विझवणारा एक जवान गेला. क्रमातली "गेले की नाही बघायचं" ही एकच पायरी गळली. एरवी शंभर वेळा ते आपोआप जातात, म्हणूनच गळते.

ऑटोमेशन काढून टाका म्हणणाऱ्यांनी पोखरा बघावं. १५ जानेवारी २०२३, चिपीला येतं त्याच घराण्यातलं एटीआर ७२. फ्लॅप ३० करायला सांगितलं, आणि शेजारच्या पायलटने फ्लॅपऐवजी त्याच्या बाजूच्या कंडिशन लिव्हर, म्हणजे पंख्यांच्या दांड्या, मागे ओढल्या. पंख्याची पाती फेदर झाली, म्हणजे वल्हं पाण्यात धारेवर धरावं तशी. इंजिन चालू, ओढ शून्य. ताकद येत नाही हे कॉकपिटमध्ये बोललं गेलं, पण लिव्हर कुठे आहेत ते कुणी पाहिलं नाही. ७२ जण गेले. इथे चूक करायला कुठलाही संगणक लागला नाही.

आणि आपल्याच किनाऱ्यावरचं जुनं प्रकरण. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं जंबो वांद्र्यासमोर समुद्रात गेलं, २१३ जण. कॅप्टनसमोरचा कृत्रिम क्षितिज दाखवणारा काटा उजवीकडे कललेला दाखवत अडकला. विमान सरळ असताना त्याने ते डावीकडे कलवलं, कलवतच राहिला. पुढे काळोखा समुद्र होता, खऱ्या क्षितिजाची रेघ नव्हती. सहवैमानिकाच्या समोर दुसरा काटा होता, मध्ये तिसरा. तीनपैकी दोन काय म्हणतात हे बघायला दोन सेकंद पुरतात, पण डोळे एकाच काट्याला खिळले की ते दोन सेकंद मिळत नाहीत.

म्हणून आता नियम यंत्रापेक्षा दोन माणसांवर जास्त रचलेले असतात. एक उडवतो, दुसऱ्याचं मुख्य काम त्याच्यावर आणि यंत्रांवर नजर ठेवणं. मोड बदलला की वरची पट्टी मोठ्याने वाचायची, पॅनलवर काय दाबलं ते नाही. ढगांत उतरताना १००० फुटांवर वेग, मार्ग, फ्लॅप, चाकं आणि इंजिनाची ताकद या सगळ्यांचा मेळ बसला पाहिजे, नाही बसला तर वर जायचं. माझ्या मते यातली ताकदीची अटच सर्वांत कमी गंभीरपणे घेतली जाते, आणि वरची निम्मी प्रकरणं तिच्यातच सापडली असती.

नियम असूनही कोळिकोडला ७ ऑगस्ट २०२० च्या पावसात मागून वारा असताना विमान ८८५८ फुटी धावपट्टीवर ४४३८ फूट आत जाऊन टेकलं. सहवैमानिकाने "गो अराउंड" म्हणजे पुन्हा वर जा असं म्हटलं होतं. २१ जण गेले.

जुलैत चिपीचं विमान सड्यावर घिरटी घालून न उतरता गेलं, तर "जमलं नाही वाटतं" म्हणण्याआधी एवढं माहीत असावं: दुसऱ्या विमानतळापर्यंतचं आणि त्यावर अर्ध्या तासाचं इंधन निघतानाच टाकीत भरलेलं असतं. ते परत जाण्यासाठीच भरलेलं असतं.