आमची वाटचाल: कार्डे, खाकी कागद आणि गेलेली घंटा

बेळगावात लोखंड ओतणारे, हायड्रॉलिक्सचे भाग बनवणारे आणि साड्या विणणारे पुष्कळ आहेत. पण माणसांना एका खोलीत बसवून त्यांच्याकडून कल्पना काढून घेण्याचे रीतसर बिल लावणारे येथे आम्हीच पहिले, असे आम्ही मानतो. याबद्दल कोणाला वाद घालायचा असेल तर त्याने येऊन आमची जुनी बिलबुके पाहावीत. टिळकवाडीतील एका जिन्याखालच्या खोलीत आम्ही दोघा भागीदारांनी सुरुवात केली तेव्हा खाकी कागदाचा एक रोल, पोस्टकार्डाच्या मापाने कापून घेतलेली पांढरी कार्डे, जाड टोकाची स्केचपेने, मास्किंग टेप आणि खडेबाजारातून आणलेली, हॉटेलच्या गल्ल्यावर असते तशी पितळी घंटा, एवढेच आमचे भांडवल होते.

या साहित्याला कोणी हसू नये. बारीक टोकाचे पेन हातात आले की माणूस निबंध लिहितो, जाड टोकाचे आले की सात-आठ शब्दांत थांबतो आणि ते शब्द खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येतात. कार्डे एकाच रंगाची असावीत, कारण रंग वेगळे दिले की गुलाबी कार्ड कोणाचे यावरच अर्धा तास जातो.

उद्यमबागेतील एका फाउंड्रीचे मालक हे आमचे पहिले मोठे ग्राहक. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. त्यांच्याकडे दर पावसाळ्यात ब्लोहोलमुळे, म्हणजे ओतीव मालात राहणाऱ्या पोकळ्यांमुळे, रिजेक्शन (नाकारला जाणारा माल) वाढत असे. वाळूतील ओल तपासून झाली होती, ओतताना धातूचे तापमान पाहून झाले होते, तरीही कारण सापडत नव्हते. बैठकीत पहिली वीस मिनिटे आप्पा स्वतःच बोलले आणि फोरमनने मान हलवली. शेवटी मी आप्पांना हात जोडून चहाला बाहेर पाठवले आणि उरलेल्यांना दहा मिनिटे न बोलता लिहायला सांगितले. घंटा वाजल्यावर कार्डे भिंतीवर चिकटवली, तेव्हा त्यांत कन्नडमधील एक कार्ड होते. आमच्या सहकारी ताईंनी ते मोठ्याने वाचले: कोअर रात्रभर खिडकीखाली असतात. कोअर म्हणजे ओतीव भाग आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात बसवलेला वाळूचा गाभा. सोडियम सिलिकेट घालून कार्बन डायऑक्साइडने घट्ट केलेले सीओटू कोअर दमट हवेत ओल धरतात, तापलेल्या धातूशी गाठ पडताच त्या ओलीची वाफ होते आणि ती बाहेर पडू शकली नाही तर ओतकामात पोकळी राहते, हे फाउंड्रीवाल्यांना मी सांगायला नको. खिडकी पश्चिमेला होती आणि आपल्याकडे पाऊस कुठून येतो हे सर्वांनाच ठाऊक आहे. रॅक हलवला गेला. रिजेक्शन किती उतरले हा आप्पांचा आकडा आहे, तो मी छापणार नाही. परंतु ते कार्ड लिहिणारा मोल्डर, म्हणजे साचे करणारा कामगार, तेथे नऊ वर्षे काम करत होता आणि तोपर्यंत त्याला कोणीही विचारले नव्हते, हे मात्र लिहून ठेवतो. गावात भाषेवरून काहीही चालो, आमच्या भिंतीवर दोन्ही लिप्यांची कार्डे शेजारी शेजारीच लागतात.

भागीदाराशी आमचे बिनसले ते याच शांततेवरून. त्यांचा भर ऑस्बॉर्नवर होता. हे अमेरिकेतील जाहिरात व्यवसायातले गृहस्थ. टीका मागे ठेवा, कल्पना भरपूर काढा, अचाट कल्पनेला वाव द्या आणि दुसऱ्याच्या कल्पनेवर भर घाला, हे त्यांचे चार नियम आम्हीही पाळतो. मात्र एकत्र बोलल्याने कल्पना वाढतात हे त्यांचे म्हणणे 1958 सालच्या येल विद्यापीठातील प्रयोगात टिकले नाही. तेथे चौघांच्या गटापेक्षा, वेगवेगळे बसून विचार केलेल्या चौघांच्या एकत्र केलेल्या कल्पना जास्त भरल्या. पुढे 1987 साली डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी त्याचे मुख्य कारण दाखवले: एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते, आणि थांबता थांबता डोक्यातले निसटते. हे मी भागीदारांना तीनदा समजावले. त्यांचे उत्तर एकच, की गिऱ्हाइकाला शांततेचे पैसे देणे जिवावर येते.

ते निघून गेले, ग्राहकांची वही घेऊन गेले, आणि थोड्याच दिवसांत फुगे, मोठ्या आवाजातील गाणी व पाय बांधून पळण्याच्या शर्यती यांना सर्जनशीलतेचे शिबिर असे नाव देऊन निम्म्या दराने विकू लागले. आमचे पाच ग्राहक त्यांच्याकडे गेले. त्या शिबिरांचे फोटो सुरेख येत, हे मान्य करतो. पण फोटोत किती कल्पना दिसतात, हा प्रश्न त्या पाचांपैकी एकानेही विचारला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

त्यात 2020 ची टाळेबंदी आली. माणसे जवळ बसवणे हाच ज्याचा धंदा, त्याने काय करावे? खोलीचे भाडे थकले, कार्डांच्या गठ्ठ्यांना बुरशी आली. निर्बंध सैल झाल्यावर आप्पांनीच बोलावले आणि वर्षभराचे पैसे आगाऊ दिले. शेडचे दोन्ही दरवाजे उघडे ठेवून, सहा माणसांना लांब लांब बसवून आम्ही जर्मनीतील रोरबाख यांची 1968 सालची सहा-तीन-पाच पद्धत चालवली. सहा जण, प्रत्येकाच्या तीन कल्पना, दर पाच मिनिटांनी कागद शेजाऱ्याकडे. अर्ध्या तासात 108 कल्पना, आणि बोलणे शून्य. कागद हातोहात द्यायचे नव्हते म्हणून कपड्यांची दोरी बांधून चिमट्यांनी पुढे सरकवले. त्या एका दोरीवर आमची संस्था वाचली.

पुढची वर्षे बरी गेली.

नव्याने बैठका घेणाऱ्यांना सांगतो: मालकाला टेबलाच्या टोकाला बसू देऊ नका, सर्वांत नव्या माणसाचे कार्ड आधी वाचा, बैठक जेवणाआधी घ्या, आणि निवडलेल्या कल्पनेपैकी एक तरी आठ दिवसांत अमलात येणार नसेल तर त्या कारखान्यात दुसऱ्यांदा जाऊ नका. दरात घासाघीस करणाऱ्याला पाठवायला आमच्याकडे एक पत्ता आहे.

जाताना भागीदार ती पितळी घंटाही घेऊन गेले. पावती माझ्या नावावर आहे. सध्या आम्ही स्वयंपाकघरातील टायमर वापरतो. तो कधी दोन मिनिटे आधीच वाजतो.