भिंतभर पडदा, मूठभर आवाज

ऑफिसात नवी कॉन्फरन्स रूम झाली की माणसं आधी पडदा बघायला येतात. केवढा आहे, बोटाने चालतो का, त्यावर लिहिता येतं का. छतात बसवलेल्या माइककडे कोणी मान वर करून बघत नाही. खरेदीच्या यादीत त्याचा नंबर शेवटी लागतो आणि बजेट कमी करायचं झालं की कात्री आधी त्याच्यावरच चालते. मग पहिल्याच मीटिंगला पलीकडचे साहेब भिंतभर पसरतात, त्यांच्या शर्टाची शिवणसुद्धा मोजता येते, आणि ते म्हणतात, "तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय."

दोष बहुतेक वेळा नेटचा नसतो, खोलीचा असतो. काचेच्या भिंती, गुळगुळीत टेबल, खाली फरशी. आवाज जिथे आपटेल तिथून परत येतो. खोलीत बसलेल्यांना ते जाणवत नाही, कारण दोन कान आणि मेंदू मिळून हा घुमारा बराचसा गाळून टाकतात. माइकला ती अक्कल नाही, कानावर पडेल ते सगळं तो पुढे ढकलतो. त्यात अंतराचा हिशोब क्रूर आहे. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. अशा खोलीत जाड पडदे, गालिचा आणि भिंतीवरची आवाज शोषणारी पॅनेल जे काम करतात, ते महागड्या यंत्रालाही जमत नाही. पण गालिच्याला कोणी टेक्नॉलॉजी म्हणत नाही, त्यामुळे त्याची फीतही कापली जात नाही.

चित्राचा हा सोस जुनाच. 1964च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल या अमेरिकी टेलिफोन कंपनीने पिक्चरफोन, म्हणजे बोलणाऱ्याचा चेहरा दाखवणारा फोन, मांडला होता. लोकांनी रांगा लावून पाहिला. 1970 मध्ये पिट्सबर्गमध्ये त्याची व्यावसायिक सेवा सुरू झाली, पण गिऱ्हाईक काही मिळेना. आवाजातली सुधारणा मात्र गाजावाजा न करता होत गेली. हर्ट्झ हे आवाजाच्या उंच-खालच्या पट्टीचं माप; साधा टेलिफोन साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे नेतो. 'स'चा सीत्कार बराचसा त्याच्या वर असतो, म्हणून फोनवर "सात म्हणालात की आठ?" असं विचारावं लागतं. फोनवरून आवाज पाठवण्यासाठीच्या 1988च्या जी.722 या मानकाने ही मर्यादा 7000 हर्ट्झपर्यंत नेली. आज कॉलवर समोरचा शेजारी बसून बोलतोय असं वाटतं, त्याचं बरंचसं श्रेय असल्या रुंदावलेल्या आवाजाला आहे. कॅमेऱ्याला नव्हे.

आवाज स्वच्छ असला तरी तो वेळेवर पोचायला हवा. समोरासमोरच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण 200 मिलिसेकंद जातात. 2009 मध्ये दहा भाषा तपासून संशोधकांनी हे दाखवलं. कॉलवर आवाज पोचायलाच तेवढा किंवा जास्त वेळ लागला की दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात, आणि "बोला सर", "नाही नाही, मॅडम, तुम्ही बोला" सुरू होतं. आडदांड माणूस यातून वाट काढतो. मितभाषी माणूस दोनदा तोंड उघडून मिटतो आणि तिसऱ्यांदा स्वतःहून म्यूटवर जातो. मीटिंगनंतर त्याच्याबद्दल "ते काही बोलतच नाहीत" असा शेरा पडतो.

खोलीतले सगळे एका बाजूला आणि एकटा दुसरीकडे, ही मांडणी तर सगळ्यात वाईट. टेबलाच्या त्या टोकाला कोणी हळूच काहीतरी बोलतं आणि खोली हसते. त्या एकट्याकडे हशा पोचतो, विनोद पोचत नाही. तोही मग अंदाजाने हसतो, थोडा उशिरा.

चेहऱ्याचं म्हणाल तर एवढंच सांगतो, की कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत ठेवा आणि कोपऱ्यातली स्वतःची खिडकी लपवा. दिवसभर आरशासमोर बसून कोण काम करतं?

आणि खोली घेण्याआधी डेमोवर जाऊ नका. डेमोत विक्रेता माइकच्या पुढ्यात बसून खणखणीत बोलतो. त्याला उठवून सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसवा, मान थोडी वळवायला सांगा आणि नेहमीच्या आवाजात आकड्यांची एक यादी वाचायला लावा. पलीकडच्याने ती कागदावर उतरवून घ्यायची. यादीत सात आणि आठ मुद्दाम भरपूर घाला.