कन्याकुमारीला जाताय? अर्धा दिवस नेय्यूरसाठी ठेवा

कन्याकुमारीला गेलेला मराठी माणूस विवेकानंद शिलास्मारक पाहतो, एकनाथजी रानड्यांची आठवण काढतो, सूर्यास्ताचे फोटो काढतो आणि परतीची गाडी पकडतो. डोंगरात भटकायची आवड असेल तर या बेतात नेय्यूर घाला, कारण एव्हरेस्टवर चढलेला डॉक्टर हॉवर्ड सॉमरवेल इथल्या दवाखान्यात राबला. नागरकोविलच्या पश्चिमेला कोलच्चलच्या बाजूला हे गाव आहे. तिथलं मिशन हॉस्पिटल लंडन मिशनरी सोसायटीच्या डॉ. आर्चिबाल्ड रॅम्से यांनी १८३८ मध्ये सुरू केलं. आपल्याकडे मिरजेला तिथलं मिशन हॉस्पिटल काढणारे डॉ. वानलेस आले ते त्यानंतर पन्नासेक वर्षांनी. हा भाग तेव्हा त्रावणकोर संस्थानात होता, तमिळनाडूत आला १९५६ साली. तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या नाडर जातीच्या स्त्रियांना छाती झाकायचा हक्क मिळवायला १८५९ पर्यंत झगडावं लागलं, तो मुलूख हाच. अशा ठिकाणी दवाखान्याच्या ओसरीवर कोण कोणाशेजारी बसतो, यालाही अर्थ होता.

पण आम्ही गेलो ते हॉवर्ड सॉमरवेलसाठी. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ७ जूनला हिमप्रपात कोसळला आणि सात हमाल गेले. त्या चढाईत प्रसिद्ध इंग्रज गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीबरोबर सॉमरवेलही होता. तो शल्यविशारद, पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया केलेला. मोहीम आटोपल्यावर भारत बघत बघत तो दक्षिणेच्या टोकाला पोचला. नेय्यूरला रोग्यांची ही गर्दी आणि शस्त्रक्रिया करणारा एकटा डॉक्टर, हे त्याने पाहिलं. लंडनमध्ये उत्तम कारकीर्द समोर असताना ती सोडून तो इथे राहायला आला.

लगेच १९२४ मध्ये तो पुन्हा एव्हरेस्टवर गेला. ४ जूनला मोहिमेतल्याच नॉर्टनबरोबर, प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय, २८,००० फुटांच्या आसपास पोचला आणि घशाने दगा दिल्यामुळे थांबला. नॉर्टन २८,१२६ फुटांपर्यंत गेला. कृत्रिम प्राणवायूशिवाय त्याहून वर जायला १९७८ साल उजाडलं. उतरताना सॉमरवेलचा श्वासच कोंडला. मरायच्या तयारीने तो बर्फात बसला आणि शेवटचा उपाय म्हणून त्याने दोन्ही हातांनी छाती दाबली. हिमदंशाने सुटलेलं घशाच्या आतलं अस्तर रक्तासकट बाहेर पडलं आणि श्वास मोकळा झाला. मॅलरी आणि त्याचा जोडीदार अर्विन शेवटच्या चढाईला गेले ते परतलेच नाहीत, तेव्हा मॅलरीजवळ सॉमरवेलचाच कॅमेरा होता. ते शिखरावर पोचले होते का हे त्यातून कळेल म्हणून तो कॅमेरा आजवर लोक शोधताहेत. सॉमरवेल मात्र नेय्यूरला परतून ऑपरेशनं करू लागला आणि हॉस्पिटलचा व्याप वाढवत राहिला. पुढे तो वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायला गेला. गोष्टीतला हा भाग मला शिखरापेक्षा मोठा वाटतो, पण गिर्यारोहणाच्या गप्पांमध्ये तो दोन ओळींत उरकतात.

त्या काळी या भागात पोटातल्या व्रणाचे रोगी फार असत. जठराच्या शस्त्रक्रियांत सॉमरवेलचा हात असा बसला की १९४८ मध्ये त्याने त्यावर ग्रंथच लिहिला. गरिबाचं अन्न तेव्हा टॅपिओका, म्हणजे आपला साबुदाणा ज्याचा होतो तो कंद. इथे तो उकडून मासळीच्या कालवणाबरोबर खातात. नक्की खा, उपासाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आता कामाचं. हे हॉस्पिटल चालू आहे, आवारात कॅन्सरवरचे उपचारही होतात. तेव्हा वारसास्थळ समजून कॅमेरा परजत आत शिरू नका. वॉर्डाकडे आणि रोग्यांकडे फिरकायचं नाही. आधी कचेरीत जाऊन कशासाठी आलो ते सांगा, परवानगी मिळेल तेवढंच पाहा. सकाळी ओपीडीची गर्दी असते, त्या वेळी कोणाला थांबवून इतिहास विचारणं बरं नव्हे. आम्ही दुपार धरून गेलो, ते सोयीचं पडलं. बघण्यासारखं फार काही मांडून ठेवलेलं असेल अशी अपेक्षा नको. वाचून गेलात तरच मजा आहे.

जवळचं रेल्वे स्टेशन इरणियल. लांब पल्ल्याच्या सगळ्याच गाड्या तिथे थांबतात असं नाही, म्हणून नागरकोविलला उतरून बस धरणं सोपं. बसवर नेय्यूर दिसलं नाही तर तिंगळनगर विचारा. बसवाले त्याला ‘मंडे मार्केट’ म्हणतात. हिंदीचा उपयोग जवळजवळ शून्य, गावाचं नाव तमिळमध्ये लिहून घेतलेला कागद जास्त कामाला येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस झोडपतो, डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सुटे पैसे ठेवा आणि बाजारात इथली मट्टी जातीची केळी दिसली तर सोडू नका.

उरलेल्या दिवसात तक्कलैजवळचा पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा होतो. तो तमिळनाडूत असला तरी सांभाळतं केरळ सरकार. सोमवारी बंद असतो आणि दुपारी जेवणाची सुट्टी असते, म्हणून राजवाडा सकाळी आणि नेय्यूर दुपारी हा क्रम ठेवा. शेजारच्या उदयगिरी किल्ल्यात डी लानॉयची कबर आहे. हा डच सेनानी १७४१ च्या कोलच्चलच्या लढाईत त्रावणकोरचा राजा मार्तंड वर्मा याच्या हाती लागला आणि पुढे त्याचंच सैन्य घडवत राहिला. कबरीवर लॅटिन आणि तमिळ असे दोन लेख आहेत. तिरुवट्टारचं आदिकेशव मंदिरही करायचं असेल तर पुरुषांनी धोतर किंवा वेष्टी बरोबर ठेवावी, शर्ट घालून आत सोडत नाहीत.