शिशाच्या रांगेत पेशी मरेनात

मूत्रपिंडाच्या पेशींवर विषारी धातूंची चाचणी चालू होती. प्लेट रीडरवर, म्हणजे रंगाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्रावर, कॅडमियमचा जिवंत पेशींचा आलेख अपेक्षेप्रमाणे खाली येत होता. शिशाच्या रांगेत मात्र १०० मायक्रोमोलरलाही जिवंत पेशी शंभर टक्क्यांच्या वर! विष घालून पेशी वाढताना दिसल्या, तर आधी प्लेटवर संशय घ्यावा.

पेशी एचके-२, म्हणजे माणसाच्या मूत्रपिंडातल्या समीपस्थ नलिकेच्या. दोन्ही धातूंचा मारा मुख्यतः तिथेच बसतो. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येकी १०,००० पेशी टाकल्या, चिकटायला चोवीस तास दिले. कडेच्या वेल्समधलं पाणी उडून आकडे हलतात, म्हणून तिथे पेशी नाहीत, नुसतं बफर द्रावण. मग चोवीस तास धातू आणि शेवटी एमटीटी हे रंगद्रव्य. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मझान करतात. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरला मोजायचं.

नव्याने लावलेली शिशाची रांग एमटीटी घालण्याआधीच मायक्रोस्कोपखाली धरली. पेशींवर बारीक रवाळ थर! पेशी वाढतात त्या माध्यमातल्या फॉस्फेट-बायकार्बोनेटशी जुळून शिशाचा साका बसला होता. तो डीएमएसओतही विरघळत नाही, प्रकाश विखुरतो आणि यंत्र त्यालाच जांभळा रंग समजतं. बिनपेशींच्या वेल्समध्ये माध्यम आणि शिसं घालून तेच सगळं केलं, तर तिथेही आकडा चढलेला. ६९० नॅनोमीटरला जांभळा रंग फारसा मोजला जात नाही, विखुरणं मात्र मोजलं जातं; ते वाचन वजा केल्यावर हा खोटा भाग बराचसा गेला. पण खरा घोळ तसाच राहतो: विरघळलेलं शिसं पेशींना मिळालं किती? माध्यम सेंट्रिफ्यूज करून वरच्या निवळीचं आयसीपी-एमएस (धातूचं प्रमाण मोजणारी तपासणी) केल्याशिवाय ते कळत नाही. तोवर ‘शिसं या पेशींना सोसतं’ असं लिहिणं माझ्या मते निव्वळ धाडस.

शिशाचं साठ्याचं द्रावण पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या खाऱ्या द्रावणात) कधीच करू नये. लेड ॲसिटेट उकळून गार केलेल्या डीआयोनाइज्ड पाण्यात, ॲसेटिक ॲसिडचा थेंब टाकून विरघळवावं. नाहीतर पाण्यात मुरलेला कार्बन डायऑक्साइडच ते गढूळ करतो. डोसआधीची पेशींची धुलाईसुद्धा फॉस्फेट नसलेल्या हेपिस-सलाइनने. माध्यमात मिसळलेल्या सीरममधलं अल्ब्युमिन हे प्रथिन धातू धरून ठेवतं, तेव्हा १० टक्के सीरममधला आकडा १ टक्क्याच्या शेजारी ठेवून तुलना करू नये.

एमटीटीच्या जोडीला न्यूट्रल रेड, म्हणजे जिवंत पेशी शोषून घेतात त्या रंगाची चाचणी, लावावी. फुटलेल्या पेशींतून गळलेलं एन्झाइम मोजणारी एलडीएच चाचणी पाऱ्यासाठी नको; पारा त्या एन्झाइमलाच बंद पाडतो, आणि फुटलेल्या पेशीही धडधाकट वाटतात.