औलूची फॅब लॅब आणि अमळनेरची ओटी

फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात २०१५ पासून फॅब लॅब, म्हणजे कल्पना स्वतःच्या हाताने बनवून पाहायची कार्यशाळा, आहे. थ्रीडी प्रिंटर, लेसर कटर, विनाइल कटर, सगळं एका छताखाली. मुलाच्या वर्गाबरोबर पालक म्हणून तिथे गेलो, तेव्हा माझं लक्ष मात्र एका लाकडी पेटीवर खिळलं.

पोरांनी इंकस्केपमध्ये, म्हणजे आकृत्या काढायच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पेटीच्या बाजू काढल्या होत्या. प्लायवूड ३ मिमी जाड, म्हणून बाजू एकमेकींत अडकवायच्या खाचाही ३ मिमीच्या. कापून आल्यावर जोड लटपटले. लेसरचा झोत लाकूड थोडं जाळतो, मिलिमीटरचा एक-दोन दशांश, त्यामुळे खाच काढल्यापेक्षा रुंद निघते. बाईंना हे आधीच ठाऊक होतं, पण त्या गप्प बसल्या. मग पोरांनीच एक पट्टी कापली, तिच्यावर २.७, २.८, २.९ अशा खाचा, आणि कुठली घट्ट बसते ते हाताने पाहिलं. अख्खा तास त्यातच गेला. आपल्याकडे या तासाला ‘पोर्शन मागे पडला’ म्हणाले असते! इथे हस्तकला १८६६ पासून शाळेत आहे, त्यामुळे कुणाला घाई वाटत नसावी.

यंत्रांचं म्हणाल, तर त्याचं मला फार कौतुक नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्येच फॅब लॅब सुरू झाली, औलूच्या तेरा वर्षं आधी. अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे शाळेतल्या अशाच कार्यशाळेसाठी, केंद्र सरकारकडून शाळांना २० लाखांपर्यंत अनुदानही मिळालेलं आहे. पण आमच्याकडच्या एका शाळेतला प्रिंटर कुलपात असतो. पोरांनी बिघडवला तर?

म्हणून अमळनेरच्या भाचीला मी अशी एखादी वस्तू यंत्राशिवायच घडवायला सांगितलं. विषय तिनेच निवडला: कापूस वेचताना बाया कमरेला बांधतात ती ओटी. आधी काहीही काढायचं नाही, फक्त विचारायचं, एवढी माझी अट. मजूर बायांनी सांगितलं, की ओटी भरली की गाठ कमरेत रुतते आणि सोडायला दोन्ही हात लागतात. भाचीला तर वाटत होतं की पिशवी लहान पडते!

मग खोक्याचा पुठ्ठा, जुनी साडी आणि आजीचं शिवणयंत्र. पहिला पट्टा खांद्यावरून घेतला, तर वाकल्यावर पिशवी पुढे लोंबायला लागली. व्हिडिओ कॉलवर ती वैतागून म्हणाली, “मामा, हाई बसस नही!” मी फक्त विचारलं, कुठे बसत नाही ते मोजलंस का?

आता पट्टा पाठीवर फुलीसारखा आहे. त्याचा नमुना इंकस्केपमध्ये काढून ए-फोर कागदांवर छापायचा आणि कागद जोडून कापड कापायचं, म्हणजे मापं बदलली तरी पुन्हा छापता येईल. अडलंय ते संगणकापाशी. इंकस्केप जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट प्रणाली) टाकूनही चालतं. अमळनेर-पारोळ्याकडे कुणाचा असा लॅपटॉप पडून असेल तर कळवा, तिच्याबरोबर अजून चार पोरी शिकायला तयार आहेत.