मुलांची बाग पुन्हा उभी राहतेय

आज सकाळी सांगलीत, आमच्या कॉलनीतल्या मुलांच्या बागेत श्रमदान झालं. २०१९ च्या महापुरात कृष्णेचा गाळ पार घसरगुंडीवर चढला होता, नंतर सगळीकडे गाजर गवत माजलं. ते फुलायच्या आत मुळासकट उपटावं लागतं, एकेका झाडाला हजारो बिया धरतात. अंगाला खाज सुटते, म्हणून मुलांना रोपं लावायला पाठवलं. लिंबू आणि कढीपत्ता मुद्दाम निवडलाय, त्यांच्या पानांवर फुलपाखरं अंडी घालतात. एका चिमुरडीनं हात मातीत तसेच ठेवून विचारलं, "काका, अळ्यांनी पानं खाल्ली तरी औषध नाही ना मारायचं?" नाही गं बाळा, अजिबात नाही!

शेजारच्या आजींनी चहा-भडंग आणलं, केवढं बरं वाटलं. रविवारी झोक्याच्या साखळ्या बसवायच्यात. वेल्डिंग येणारं कुणी असेल तर नक्की या.